आजोबांची मोंबासाची काठी

अकोट, दसऱ्याचा दुसरा दिवस

या काठीपायी तीन पिढ्या आम्ही चुलत घरचं पाणी प्यायलो नाही. आत्या तर तिथल्या बहिणीला न भेटताच गेली. एवढी महाग पडली ही काठी!

आज राजापेठेचा यशवंत, आजोबांच्या थोरल्या भावाचा, त्या दौलतरावांचा नातू, सोनं द्यायला आला. मी ऐकवलंच, "जमीन लाटून आफ्रिकेत पळाला तुहा आजा. आमच्या आजोबानं मोंबासाले जाऊन त्याचा हात मोडला, हे काठी हिसकून आणली!"

तो हसला. "दादा, एकडाव मूठ धुऊन तं पाहा."

हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे कानांनी टिपलं. म्हणूनच डोकं फिरलं. चहाही विचारला नाही त्याला. दर दसऱ्याला शस्त्र म्हणून पुजतो आम्ही ही काठी. चांदीच्या मुठीवर हळदकुंकवाचा थर. संध्याकाळी रागारागानं घासली. राग नेमका कोणावर?

चांदीवर अक्षरं निघाली: 'धाकट्यास, दौलतकडून. सांभाळून जा.'