बारा मिलिमीटरची फळी

धायरी, शनिवार संध्याकाळ

आईला गॅलरीत उन्हाला बसायला बाक करायचं ठरवलंय, म्हणून कापून तयार मिळणाऱ्या बर्च प्लायच्या फळ्या बघायला गेले. बारा मिलिमीटरची घ्यावी की अठराची, तेच ठरेना. दुकानदार वैतागला. "अहो ताई, बसणाऱ्याचं वजन सांगा. फळी माणूस बघून घेतात, रंग बघून नाही."

मी पंचावन्न म्हणाले. का म्हणाले? ते आजारपणाच्या आधीचं. परवा काट्यावर अडतीस दिसलं, मीच तर धरून उभं केलं होतं तिला.

"मग अठराच घ्या. बारा वाकेल."

अठराची माझ्या मापात नव्हती. शेवटी बाराच आणली. घरी आल्या आल्या दोन स्टुलांवर टेकवली आणि आईला हाताला धरून वर बसवलं.

"पडले तर तुझ्या नावानं खडे फोडीन," ती म्हणाली.

मी जमिनीवर बसून फळीच्या कडेकडे बघत राहिले. वाकेल म्हणाला होता. थोडी तरी.

"चांगली मजबूत आणलीस गं," आई म्हणाली. खूश होती. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

केसभरही वाकली नाही.