युजर नेम: ॥ श्री ॥ शिवराज

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं सुरुवातीपासून लिहून ठेवतात, म्हणजे पुढं मुलाखतीत आठवावं लागत नाही.

कन्नडला मुलगी पाहून आलो. अपेक्षा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढते. हसते छान. मला पसंत. रामकिसनमामांनी बायोडाटात माझ्या नावाखाली ‘पायथन, डेटा’ असं घातलं होतं. गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात काउंटरला असतो, हे घातलं नव्हतं. मामांचं म्हणणं, शेती म्हणलं की लोक फोन ठिवतेत, अन् दुकान म्हणलं की उचलीतच नाय.

पोहे देताना तिनं विचारलं, पायथनमध्ये काय काय बनवलंय? मी म्हणालो, बरंच. ती म्हणाली, पंचवीसला गावी येईन तेव्हा दाखवा की.

तीन आठवडे आहेत. लोक एवढ्यात कंपनी काढतात.

५ जानेवारी, सोमवार

लॅपटॉप दसऱ्याला घेतलेला, पूजेनंतर कपाटातच होता. सुरू करताना त्यानं नाव विचारलं तेव्हा आई शेजारी बसली होती. कोरं काही उघडलं की आधी श्री लिहायचं, हा आमच्या घरचा नेम. वही असो, बस्त्याची यादी असो. म्हणून युजर नेम टाकलं, ॥ श्री ॥ शिवराज. स्क्रीनवर झळकतं तेव्हा प्रसन्न वाटतं.

आज पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, लॅपटॉपवर घेतलं. ‘ॲड टू पाथ’ असा एक चौकोन होता. टिक केली नाही. न कळता कुठं टिक करायची नाही, हे माझं तत्त्व आहे. मग पांडाज. ही लायब्ररी आहे, पण पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं काम असतं, आपण फक्त आणायचं. काळ्या खिडकीत टाइप केलं, पिप इन्स्टॉल पांडाज. उत्तर आलं, ‘पिप’ इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड. म्हणजे घरचाही नाही आणि पाहुणाही नाही. काल कन्नडला सोफ्यावर बसल्यावर मलाही असंच वाटत होतं.

निर्धार: उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

६ जानेवारी

आठला उठलो. अर्धवट झोपेत कोड चुकतो.

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. त्या चौकोनात टिक करायची असते. चौकोन फार लहान होता.

८ जानेवारी, गुरुवार

टिक केली. पिप ओळख देऊ लागला. आता नुसती लाल अक्षरं. वर लिहून येतं की सी ड्राइव्ह, युजर्स, आणि त्यापुढं ??????. संगणकालाच काहीतरी विचारायचंय. वाट पाहिली. विचारलं नाही.

मामांनी तिचा नंबर देऊन ठेवला होता, एकमेकांशी बोलून घ्या म्हणून. लावला. अर्धा तास बोललो! सगळा वेळ एररबद्दल. इतक्या लवकर इतकी जवळीक सगळ्यांची होत नसते. तिनं युजर नेम विचारलं, मी सांगितलं. ती हसली असावी. मग म्हणाली, देवनागरी नाव आणि त्यात ते उभे दंड, इन्स्टॉल कधी कधी तिथंच अडकतं, साध्या इंग्रजी नावानं दुसरं अकाउंट काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

टेस्टर आहे, प्रत्येकात चूक दिसायची सवय बिचारीला. प्रश्न इतका साधा नसणार.

१० जानेवारी, शनिवार

श्री काढू का, असं आईला विचारलं. आई म्हणाली, लई शिकलास व्हय रं? श्री पुसतेत का कुठं? विषय संपला.

टेबलाचं तोंड दक्षिणेला होतं. पूर्वेला केलं. एरर तीच, पण उजेड चांगला येतो.

अपेक्षाला फोन. तिनं परत तेच अकाउंटचं सांगितलं. मग मध्येच म्हणाली, मावशीनं ताईच्या लग्नाचा बस्ता तुमच्याच दुकानात बांधला होता, मावशी अजून तुमचं नाव काढते, साडी दाखवताना पदर स्वतःच्या खांद्यावर घेता म्हणे? म्हणजे त्यांना माहीत आहे! मी म्हणालो, ते पार्ट टाइम आहे. आणि ताबडतोब एररकडं वळलो. थोडक्यात वाचलो.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळीच तिचा मेसेज, तिळगूळ घ्या, गोड बोला. पुढं हसरा चेहरा. मी लगेच उत्तर दिलं. नव्या एररचा स्क्रीनशॉट पाठवला, लाल भाग गोल करून.

दोन निळ्या रेघा आल्या. विचार करत असेल.

१८ जानेवारी, रविवार

पायथन काढून परत टाकलं. शेजाऱ्यांचं वायफाय घेऊन पाहिलं, मोबाइलचं घेऊन पाहिलं. ???????. आता एक जास्त आहे की काय.

तिनं विचारलं, लग्नानंतर पुण्यात करमेल का तुम्हाला? मी म्हणालो, आधी हे पांडाज बसू द्या. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

तिनं सांगितलेल्या त्या नव्या अकाउंटच्या पानापर्यंत काल गेलो होतो. बंद केलं. खरंच चालू झालं तर उद्या फोन कशासाठी करायचा? हे वाक्य खोडायला पाहिजे. पेननं लिहिलंय.

२२ जानेवारी, गुरुवार

परवापासून फोन उचलत नाही. कंपनीत काम वाढलं असणार. जानेवारीत वाढतं.

दुकानात गिऱ्हाईकानं जांभळी मागितली, मी हिरवी काढली. शेठ म्हणाले, मियाँ, ध्यान किधर है? भीती वाटते. पंचवीसला लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ती प्रश्नचिन्हं दाखवायची का? आज जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, ॲसिडिटी.

निर्धार: उद्या पहाटे पाच.

२३ जानेवारी

साडेआठ.

२५ जानेवारी, रविवार

इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप पिशवीत भरत होतो तेवढ्यात मामा आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले, तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणाले, कन्नडला जायचं काम नाय. पोरगी नको म्हणती. दिवसभर लोकायच्या चुका निस्तरायचा तिला पगार भेटतो, घरी फुकट कोण निस्तरल? दुकानाचं इचारलं तर ह्यो कॉम्प्युटरच घिऊन बसला म्हणती. अन् तिच्या मावशीनं तर दुकानातला पोरगा म्हणूनच सुचवलं व्हतं तुला, बोलाया गोड हाय म्हणून.

मामा पाणी प्यायले आणि गेले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आई म्हणाली, ते तुझं कशानं अडलं व्हतं? मी सांगितलं, तुझ्या श्रीनं. तू पुसू दिलं नाहीस. आई म्हणाली, पुसू नको म्हणले. शेजारी दुसरं उघडाया म्या कव्हा नाय म्हणले?

दुसरं अकाउंट काढलं. इंग्रजीत नुसतं शिवराज. पायथन, टिक, पिप इन्स्टॉल पांडाज. एकही प्रश्नचिन्ह नाही. सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. पाच मिनिटांचंच काम होतं.

आईनं देव्हाऱ्यातून कुंकू आणून लॅपटॉपच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि समोर मांडी घालून बसली. म्हणाली, दाखव आता काय करतंय ते.

कर्सर लुकलुकतोय. यापुढं काय टाइप करायचं असतं ते मला माहीत नाही. अपेक्षाला विचारलं असतं.