बाधितांच्या यादीतलं नाव

महादेवीअक्का,

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. उद्या तुझ्या सासरी येऊन तोंडानंच सांगायचं हाय, त्याचा नुसता सराव करायलेय.

आपल्या ताडकळसच्या खडी क्रशरवरच्या खटल्याचा निकाल लागला. धुळीनं आजारी पडलेल्यांचा इलाज आता क्रशरवाल्यानंच करायचा, पण यादीत नाव असलेल्यांचाच. तुझ्या लग्नाआधी ती यादी मीच लिहिली होती, अक्षर चांगलं म्हणून. वर छापलेलं होतं, 'बाधित व्यक्ती'. आई घाबरली. "पोरीला बाधा हाय म्हणून सरकारला लिहून द्यायचं? मग नवरा न्हाई, मांत्रिक हुडकावा लागंल!" मी लय हसले. समजावलं मात्र न्हाई. तुझं नाव खोडलं.

काल फोनवर तू तीनदा खोकलीस आन म्हणलीस, "फोडणीचा ठसका हाय गं." दुपारी चार वाजता कसली फोडणी, अक्का?

आज तुझ्या नावानं नवा अर्ज लिहिला. आई शेजारीच बसली होती. म्हणली, "बाधितच लिही. मोठ्या अक्षरात लिही."

तुझं नाव खोडणारी,
शिवरंजनी