हनुवटीवरची खूण

पुणतांबा,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय एंजल,
अनेक आशीर्वाद.

तू सहा वर्षांची होतीस. दुपारी मी पेरूच्या बागेत वह्या तपासत बसले होते आणि तू पोपटाने चोच मारलेला पेरू काढायला खालच्या फांदीवर चढलीस, आठवतं? फांदी मोडली, हनुवटी पाटाच्या दगडावर आपटली. लुनावर पुढे उभी करून तुला दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले, तरी मुठीतला पेरू काही तू सोडला नाहीस.

म्हणून तर परवा इन्स्टावर तुझा फोटो बघून मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खूण गायब! मी तिथेच खाली लिहिलं की बाळा, हनुवटीवरची खूण कुठे गेली, ऑपरेशन केलंस का, आणि पप्पांना विचारलं होतंस का. मला वाटलं, हे फक्त तुलाच दिसतं.

संध्याकाळपासून तुझे फोटो दिसेनात, फोनही लागेना. शॅरन म्हणाली, आई, एंजलने तुला ब्लॉक केलंय. म्हटलं, पोस्टमनला तर नाही ना केलं! बागेत कामाला येणारी छबूबाईही रुसली आहे. म्हणते, मी रोज फोटोखाली इचारते पोरी जेवलीस का, तर उत्तरच देत न्हाई, लई वाळलीय.

पण खरी काळजी वेगळीच. एकोणतीस डिसेंबरला शॅरनचं लग्न, तू करवली. आणि तुझे पप्पा सांगतात की तू येणार नाही म्हणतेस. त्यांना कारण कळत नाही. मला थोडं थोडं कळतंय. माझ्यामुळे का गं?

लोभ असू दे. राग निम्मा केलास तरी चालेल.

तुझी,
एलिझाबेथ आत्या


पुणे,
१७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि. (शाळेत याला अर्धा मार्क असायचा.)

हो, तुझ्यामुळेच. मी प्रॅक्टिकलला होते, फोन बाहेर बॅगेत. चार तासांत तुझं वाक्य अख्ख्या वर्गाने वाचलं. कुणीतरी त्याचं स्टिकर केलं. आता कुणाचं पेन हरवलं तरी ग्रुपवर तेच येतं.

खरं सांगू? एका फोटोसाठी मी चाळीस काढते. त्यातला एक निवडून हनुवटी गुळगुळीत करते, नाक जरा बारीक करते. टाकला की दर दोन मिनिटांनी बघते, किती जणांना आवडला. साठच्या खाली राहिला तर काढून टाकते. वर्षभर तोच चेहरा बघून आता आरशासमोर गेलं की वाटतं, आरसाच बिघडलाय. त्या दिवसापासून मी मास्क लावून हिंडते, सर्दी झालीय असं सांगते. मेसमधून डबा खोलीवर आणते आणि रूममेट सायली अंघोळीला गेली की खाते. छबूबाईंना सांग, जेवते.

लग्नात दोन फोटोग्राफर आणि एक ड्रोन. करवली सगळ्या फोटोंत नवरीला चिकटून. मला जमणार नाही. निळा ड्रेस शेजारच्या रेश्माला द्या, तिला बसेल.

तू रागावू नकोस. मी रागावलेय तेवढं पुरे.

तुझी,
एंजल


पुणतांबा,
२४ नोव्हेंबर

प्रिय एंजल,
अनेक आशीर्वाद.

चुकले मी. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर फिलोमिना कुणाला काही विचारायचं तर व्हरांड्यात बाजूला नेऊन विचारायच्या. त्यांच्या हाताखाली शिकून मी तुला अख्ख्या जगासमोर विचारलं.

उपदेश करणार नाही, मीही त्यातलीच. गेल्या नाताळात करंज्यांचा फोटो टाकला, नऊ जणांना आवडला. त्याच दिवशी रेश्माच्या करपलेल्या केकला शंभर! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

आणि माझा तो वाकडा दात. तू तो रोज बघितला आहेस, पण एकाही फोटोत सापडणार नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मी ओठ घट्ट मिटून उभी, जशी काही छडी खाऊन आलेय. तुझे कृपादान काका पस्तीस वर्षं मागताहेत की पाकिटात ठेवायला एक हसरा फोटो दे. घरात दिवसभर खिदळणारी बायको, आणि हसरा फोटो एकही नाही. आता त्यांना नीट दिसेनासं झालंय. अजूनही मागतात, मी अजूनही विषय बदलते.

निळा ड्रेस कपाटातच आहे. रेश्माला मिळणार नाही, तिला केक पुरे.

टेम्पोवाला रविराज उद्या मार्केट यार्डला येतोय. त्याच्याबरोबर पेरूंचा क्रेट पाठवते. तिखटमीठ पुडीत आहे. चोच मारलेले वरच ठेवलेत.

लोभ आहेच, तो ब्लॉक होत नाही.

तुझी,
आत्या


पुणे,
३ डिसेंबर

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

क्रेट उघडला तशा खोलीत सात मुली जमल्या. सगळ्यांचे हात तिखटमिठाने माखलेले, त्यामुळे दीड तास फोन पलंगावर पडून होते. मी कोपऱ्यात बसले होते. पण वासाने राहवेना, आणि मास्क लावून पेरू खाता येत नाही, आत्या. काढला.

खुणेची गोष्ट सायलीला मी पूर्वीच सांगितली होती. तिने एवढंच विचारलं की पडलीस ती ह्याच बागेत का. मी हो म्हटलं. तर म्हणाली, चोच मारलेला एकटीने संपवू नकोस. मग तिने बाही वर करून कोपर दाखवलं, लहानपणी उकळत्या दुधाने भाजलेलं. दीड वर्ष ती उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते. मी तिच्यासोबत राहते, आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आरसा अजून पुरता दुरुस्त झालेला नाही. परवा परत चाळीस फोटो काढले. पण खूण ठेवली. सत्तावीस जणांना आवडला. काढला नाही.

तुझा ब्लॉक काढलाय. ऑपरेशनबद्दल विचारायचं असेल तर आधी फोन करावा, ही नम्र विनंती. सत्तावीस तारखेला येते. ड्रेसला इस्त्री करून ठेव.

तुझी,
एंजल

ता. क. सोबत माझे स्टुडिओतले फोटो आहेत. फोटोग्राफर हनुवटी साफ करू का म्हणत होता, मी नको म्हटलं. मोठा पप्पांना दे. एक शॅरनताईला, म्हणजे शेजारी कोण उभं राहणार ते तिला कळेल. एक छबूबाईंना, त्याच्या मागे ‘जेवले’ असं लिहिलंय. तुला फोटो नाही. तुला काकांच्या खिशात राहील असं रिकामं पाकीट पाठवतेय. त्यात दात दिसेल असा तुझा फोटो घाल आणि लग्नाच्या आधी काकांना दे. देताना त्यांनी चष्मा लावलाय ना, ते बघ.