तुझ्या वतीनं वर केलेला हात

प्रिय रफ्या,

उद्या जुन्नरला माझी साक्ष आहे. तू मेलास कसा, ते न्यायाधीशांना सांगायचंय. त्याआधी तुझ्याशी एकदा भांडून घ्यावं म्हणून लिहितोय. तुला उलट बोलता येणार नाही, हा इतक्या वर्षांच्या दोस्तीतला माझा पहिलाच फायदा!

शिनोलीजवळच्या धरण कॉलनीतलं ते टेनिस कोर्ट आठवतं? माझे वडील पाटबंधारे खात्यात, म्हणून मला आत सोडायचे. तू जुन्नरहून एसटीनं यायचास आणि कोणी अडवलं की त्याच्या अंगावर जायचास. साहेब लोक खेळून गेले की मला नेटपाशी उभं करून माझ्यावर बॉल हाणायचास. छाती, मांड्या, बरगड्या, सगळं काळंनिळं. "डोळं मिटू नको मिल्या, मिटलं की लई लागतं." आई हळद लावायची आणि तुला शिव्या घालायची.

पण त्यातूनच आपली जोडी तयार झाली. तू सर्व्हिस करायचास तेव्हा मी पुढे नेटवर, तुझ्याकडे पाठ करून. बॉल माझ्या कानाजवळून सणसणत जायचा. मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. एवढा भरवसा मी नंतर कोणावरच ठेवला नाही.

पुण्याच्या त्या स्पर्धेतही तसाच उभा होतो. पैसे घेऊन खेळणारे परदेशी खेळाडू, खुर्चीवर अंपायर, आणि पुरुष दुहेरीत शेवटच्या क्षणी एक जोडी आली नाही म्हणून आत घुसलेले आपण दोघं! समोरच्या जोडीतल्या उंच्यानं माझ्या बरगडीत स्मॅश घातला. मी गुडघ्यावर आलो. असं लागलं की मारणाऱ्यानं हात वर करून माफी मागायची, ही या खेळाची रीत. तो पाठ फिरवून चालता झाला.

"बघितलं का? हात न्हाई केला त्यानं," तू म्हणालास. तुझा आवाज इतका थंड होता की मला बरगडी विसरून तुझीच भीती वाटली.

पुढच्याच गेममध्ये तुला उंच, सोपा बॉल मिळाला. अर्धं मैदान रिकामं होतं. तू तो त्याच्या तोंडावर मारलास. दात तुटला रफ्या! ओठ फाटून रक्त शर्टावर आलं. नियमानं पॉइंट आपला होता. तू रॅकेट खांद्यावर टाकून उभा. अंपायर तुझ्याकडे बघतोय, लोक ओरडतायत, तू ढिम्म. मग मी हात वर केला. नेटपाशी जाऊन त्याला सॉरी म्हणालो.

त्यानंतर सगळे बॉल तू त्या माणसाच्या अंगावरच मारलेस आणि आपण हरलो. कपडे बदलायच्या खोलीत माझ्या नाकावर बुक्की बसली. "माज्या नावानं माफी मागायला तू कोन?" नाक अजून थोडं वाकडं आहे. वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस. मग एक दिवस मोटरसायकल घेऊन दारात आलास आणि जणू काही झालंच नव्हतं, असं "चल, बस मागं" म्हणालास. माफी? तुझ्या तोंडून? छे!

त्याच मोटरसायकलवर होतो आपण त्या दिवशी, नारायणगावात. टोमॅटोच्या पिकअपनं तुझा गुडघा खरचटला आणि ती पुढे गेली. गर्दीत अडकली नसती तर तू आज असतास. तू उतरलास. चालवणारं पोरगं मिसरूडही न फुटल्यासारखं.

"सॉरी म्हन."

"न्हाई म्हनत. काय करशील?"

तू खिडकीतून त्याला थप्पड मारलीस. मग दुसरी. मग कॉलर धरून बाहेर ओढलंस. मी तुला मागून धरलं, तर कोपर माझ्या छातीत! त्या पोरानं दोन्ही हातांनी तुला ढकललं. तुझं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. तो आवाज मी अजून ऐकतो. दवाखान्यापर्यंतही टिकला नाहीस तू. एका सॉरीसाठी, रफ्या? जे तू उभ्या जन्मात कुणाला म्हणाला नाहीस, त्यासाठी?

तुझे थोरले भाऊ, सलीमभाई, येऊन गेले. म्हणाले, "पैली चापट कुनाची, ते तुला दिसलं न्हाई. समजलं?" मी मान हलवली. मलाही ते पोरगं जेलात सडायला हवं होतं.

काल त्याचा बाप लोणीहून आला. मी गचांडी धरून त्याला फाटकाबाहेर लोटलं. म्हातारा मातीत पडला, उठला, टोपी झटकली. "मारा भाऊ. पर पोराला सोडवा म्हनत न्हाई मी. जे झालं तेवढंच सांगा." माझी मूठ आवळलेली होती आणि ती मला तुझीच वाटली. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. त्यानं ढकललं, हे मी उद्या सांगणार. ते त्याला भोगावंच लागेल. पण पहिली थप्पड कोणाची, असं विचारलं की मी तुझंच नाव घेणार. सलीमभाई माझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाहीत. तुझ्या वतीनं मी पुन्हा हात वर करतोय, तुला न विचारता. राग आला तर ये, रफ्या. ये आणि नाक फोड माझं, या वेळी मी डोळे मिटणार नाही.

अजूनही तुझ्याकडे पाठ करून, नेटवर उभा असलेला,
मिल्या