बोट माझं, निर्णय माझा

३ फेब्रुवारी
पहिली कसोटी संपली. मी दिलेले सगळे पायचीत कॅमेऱ्याने फिरवले. दर वेळी भर मैदानात छातीवर हातांची फुली करून, चुकलो असं जगाला दाखवावं लागलं. चुकलो नव्हतो. गावच्या शाळेत गुरुजी एकदा चूक दिलेलं गणित पुन्हा तपासत नसत. शिस्त होती.

संध्याकाळी सामनाधिकारी खोलीवर आले. म्हणाले, "बुवा, पुढची कसोटी नीट काढा. नाहीतर समिती आंतरराष्ट्रीय पॅनेलवरून तुमचं नाव काढणार." चहा विचारला. नको म्हणाले.

४ फेब्रुवारी
हिचा फोन. "अहो, तुम्ही गोलंदाजांच्याच बाजूने का असता?" मी पंच आहे, मला बाजू नसते. एकेकाळी देशाकडून फिरकी टाकली, दोनच कसोट्या. अपील करून करून घसा बसला, एकाही पंचाचं बोट हललं नाही. त्याचा आताशी काडीचाही संबंध नाही. हे हिला सविस्तर समजावलं. म्हणाली, "ठेवते, दूध उतू जातंय."

९ फेब्रुवारी
उद्यापासून दुसरी कसोटी. संकल्प: अपील झालं की मनात देवाचं नाव घ्यायचं, मगच ठरवायचं. तोवर उजवा हात खिशात.

१० फेब्रुवारी
उजवा हात खिशातच होता. डावं बोट वर गेलं. निर्णय फिरला. सोबतचा पंच म्हणाला, "बुवा, निदान त्यांचं ओरडून तरी होऊ द्या."

१२ फेब्रुवारी
फलंदाज माझ्या मुलाच्या वयाचा. बाद दिला, तर बॅटवरचा लाल डाग दाखवू लागला. म्हटलं, जुना असेल. कानातल्या यंत्रातून तिसरा पंच म्हणाला, "बॅट आहे, बुवा. आंधळ्यालाही दिसेल." फुली. आता प्रेक्षकही माझ्याबरोबर फुली करतात. लोकप्रियता म्हणतात ती हीच.

खेळ संपल्यावर पंचांच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. मैदानावर एकटा माळी पाणी मारत होता. त्याच्यावर कोणी रिव्ह्यू घेत नाही.

१४ फेब्रुवारी, शेवटचा दिवस
पहाटे देवाला म्हटलं, काही चुकत असेन तर सांग. गप्प राहिला. म्हणजे मान्य आहे.

दुपारी फिरकी गोलंदाजाचा एक चेंडू पडला, वळला, मधल्या यष्टीसमोर पॅडवर आदळला. असा चेंडू टाकायला मी जन्मभर धडपडलो. गोलंदाजाला वाटलं बॅट लागली. तो पाठ फिरवून चालू लागला. यष्टिरक्षकही गप्प. तेवढ्यात कोणीतरी "हाऊज दॅट!" म्हणून किंचाळलं.

तो मी होतो. बोटही वर होतं.

फलंदाजाने रिव्ह्यू घेतला. तिसऱ्या पंचाने विचारलं, "बुवा, अपील कोणी केलं?" मी खोटं बोलत नाही. "मी." मग कानात नुसतं हसू दाबल्याचा आवाज.

मोठ्या पडद्यावर टप्पा, पॅड, यष्टी, तिन्ही दिवे लाल. बाद! माझा या मालिकेतला कॅमेऱ्यालाही पटलेला पहिला पायचीत. पण गोलंदाजाच्या संघाने विचारल्याशिवाय कोणाला बाद देता येत नाही, असा नियम. मी त्यांच्या कर्णधाराला म्हटलं, मग विचार ना आता. म्हणाला, "नको सर, पंचाने शिकवल्यासारखं दिसेल." फुली केली. नियम चूक आहे.

१६ फेब्रुवारी
समितीच्या अध्यक्षांचा फोन. नाव काढलं. मी एवढंच विचारलं, चेंडू यष्टींवर होता ना? "होता हो, बुवा." झालं तर! जिंकलो.

हिला कळवलं. म्हणाली, "बरं झालं. परवा प्लंबर येणार आहे, घरी कोणीतरी हवंच होतं."

१८ फेब्रुवारी
प्लंबर आला. मोरीत पाणी कुठून गळतं ते बोट करून दाखवलं. म्हणाला, "काका, तिथून नाही, वरच्या जोडातून." मी ठाम राहिलो. त्याने वरचा जोड बदलला. गळती थांबली.

योगायोग.