आफ्रिकेतल्या पवनचक्क्या

१४ सप्टेंबर, रविवार

धैर्यशील सापडला. मगरीच्या तोंडात!

धाकट्या दिरांची शिवांजली दुपारी धापा टाकत आली. "काकी, ओरडू नको, आधी बघ." मोबाइलवर एक भिकार सिनेमा — 'मगरडोहाची महाराणी'. कमरेला पाला गुंडाळलेली माणसं भाले नाचवतायत, मागे धबधबा. मग एक रबरी मगर येते — पोटाची शिवण स्पष्ट दिसते — आणि एकाचा पाय धरते. तो किंचाळतो, हात वर करतो, बुडतो. पाणी जेमतेम गुडघाभर!

तो माझा मुलगा. मागे नेऊन नेऊन बघितलं. तोच.

गेल्या दिवाळीनंतर "सांगलीला स्पर्धा परीक्षेच्या अकादमीत जातो" म्हणून गेला, तो गेलाच. फोन बंद. फौजेच्या भरतीला दर वेळी सोळाशे मीटरमध्ये मागे पडायचा, शेवटी वय संपलं. ह्यांच्या घराण्यात प्रत्येक पिढीत एक जण फौजेत. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, बी.एड. कर. ऐकलं नाही.

ह्यांना दाखवलं. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "असंल कुणीतरी. अशी तोंडं लय असत्यात." निवृत्त सुभेदार! धुक्यात शत्रू ओळखायचे म्हणे. स्वतःचं पोर ओळखता येईना?

१५ सप्टेंबर

पोलिसांत जाऊ म्हटलं. "सज्ञान पोर हाय. चोर न्हाई. यील की." दिवाळीपासून हेच एक उत्तर — यील. जेवले आणि साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला गेले. मी भांडी आपटत बसले.

१९ सप्टेंबर

तो सिनेमा काढणाऱ्या कंपनीचे सगळे सिनेमे बघायला घेतलेत. कुठेतरी ठावठिकाणा लागेल.

जन्मभर भूगोल शिकवला, पण असा मुलूख कुठल्या नकाशात बघितला नाही. आफ्रिका म्हणे — आणि वाघ! तोही एका कातड्यात दोन माणसं. मागचा अडखळला की वाघाची कंबर मोडते. नाग प्रत्येक सिनेमात तोच, एक डोळा गळालेला. जंगलच्या राणीच्या नाकात नथ. टोपीवाला साहेब खजिना शोधतो ती गुहा म्हणजे चक्क रस्त्याखालची मोरी.

धैर्यशील चार सिनेमांत सापडला. चारही वेळा मेला. मगर झाली, बाण झाला, वेलीवरून पडून झाला. एकदा विषारी फळ खाऊन — ते रामफळ होतं! खोटं आहे हे मला दिसतंय. तरी तो पडला की मी उठून उभी राहते.

२२ सप्टेंबर

घट बसले. देवीपुढे एकच मागितलं.

२३ सप्टेंबर

सिनेमाखाली लोक काय लिहितात ते वाचलं. हजारोंनी बघतात हे! "मगरीचा पगार वाढवा." "वाघाच्या मागच्या पायांना पुरस्कार द्या." "भालेवाला परत मेला रे!" — हा माझा. लोक त्याच्या मरणाची वाट बघतात. आधी संतापले. मग एकाचं वाचलं — "वडील दवाखान्यात आहेत. इथं बाहेर बाकावर बसून हेच बघतो. यात मेलेला माणूस पुढच्या सिनेमात उठून उभा राहतो, बरं वाटतं."

मोबाइल पालथा ठेवला. मी तरी दुसरं काय करतेय? एक संपला की लगेच पुढचा लावते. तो उठलाय का बघायला.

शिवांजली म्हणाली, "तू पण लिही ना काकी — घरी ये म्हणून." चारचौघांत? नाही लिहिलं. तिने कंपनीला मेल केली. उत्तर नाही. दिलेला नंबर कुणी उचलत नाही.

२६ सप्टेंबर

सापडलं! 'सात कवट्यांचं बेट'. राणी कड्यावर उभी राहून शाप देते आणि तिच्या खांद्यामागे एक पांढरं पातं गर्रकन फिरतं. थांबवून बघितलं. पवनचक्क्या — ओळीने! काळा कातळ, सपाट माथा. बेट कुठलं, हे पाटणचं पठार. शाळेच्या सहली मी स्वतः नेल्यात तिथे.

ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला. "एवढ्या लांब कशाला जातीस? गुडघा बघ आपला."

गुडघा गेला खड्ड्यात. उद्या जाणार.

२७ सप्टेंबर

पाटणपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. शिवांजली बरोबर होती. पठाराच्या पायथ्याला हरिबा नावाच्या माणसाची चहाची टपरी. त्याला विचारलं.

"शूटिंगवालं व्हय? आवं बाई, परवाच गेलं की गाशा गुंडाळून! मेढ्याकडं गेल्यात म्हनं."

परवा!

फोटो दाखवला. त्याचा चेहरा फुलला. "ह्यो? ह्यो मरतो लय भारी! आख्खं गाव यायचं बघाय. डायरेक्टर वरडायचा — आरं गड्या, मर की पटदिशी, ऊन चाललं! पर ह्यो आपला हात हालवतोय, पाय हालवतोय…"

म्हटलं, मी त्याची आई.

हसणं थांबलं. बाकडं पुसून पुढे केलं. एवढे प्रश्न मनात, आणि तोंडातून आलं — "जेवतो का तो?"

"जेवतो की! वाघाच्या वाटचंबी खातो."

शिवांजलीने विचारलं, "मामा, काय आवडतं हो तुम्हाला ह्यात?"

"पोरी, खरा बिबट्या आठवड्याला शेळी न्हेतोय आमची. त्यो काय बघायचा? ह्यो बरा. सांजच्याला कातडं काढून चा प्यायला येतोय."

२८ सप्टेंबर

मेढा. बाजारपेठेत प्रत्येक दुकानात फोटो दाखवला. कुणाला काही माहीत नाही. एक म्हातारी म्हणाली, "देखना हाय पोरगा. मिल्ट्रीत असंल."

स्टँडवर बसून रडले. लोकांदेखत. मी!

२ ऑक्टोबर, दसरा

ह्यांनी सोनं दिलं. घेतलं. एकाच घरात एकटीनेच शोधायचं?

७ ऑक्टोबर

आता बघवत नाही. शिवांजलीला सांगितलं, नवा आला तरी मला दाखवू नकोस.

११ ऑक्टोबर

तिने दाखवलाच. या खेपेस धैर्यशील मेला नाही. वाघाने झडप घातली आणि जमातीच्या राजाने त्याला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. राजाच्या डोक्यावर कोंबडीची पिसं, गळ्यात कवड्या, अंगभर राख. छाती पुढे, टाच आपटत चालतो. रानातला राजा — आणि परेड!

इतकी वर्षं संसार केला. राख फासली म्हणून मला ओळखू येणार नाही?

हे संध्याकाळी कॅन्टीनहून आले. मोबाइल समोर धरला. बघितलं, खाली बसले.

"आईला सांगितलं तर तुम्हालाबी सापडनार न्हाई, म्हनला. काय करू?"

मी मोबाइल बाजूला ठेवला.

"कॅन्टीनच्या नावानं गेलो की दर खेपंला इचारतो मला, आई बघती का. मी म्हनतो, न्हाई. काय सांगू आता?"

"सांगा," म्हटलं, "सगळे बघितले."